विपणन संशोधनातील दुय्यम माहिती व गृहीतके

दुय्यम माहिती (दुय्यम विदा) म्हणजे अन्य व्यक्तीने किंवा संस्थेने दुसऱ्या उद्देशासाठी पूर्वीच गोळा केलेली व हाती असलेल्या संशोधनात पुन्हा वापरली जाणारी माहिती होय. संशोधकाने स्वतःच्या प्रश्नासाठी सर्वेक्षण, मुलाखत, निरीक्षण किंवा प्रयोग यांद्वारे मिळविलेल्या माहितीस प्राथमिक माहिती म्हणतात. विपणन संशोधनात सामान्यतः आधी दुय्यम माहिती अभ्यासली जाते, तिच्या आधारे गृहीतके मांडली जातात व ती तपासण्यासाठी प्राथमिक माहिती गोळा केली जाते. दुय्यम माहिती कमी वेळात व कमी खर्चात मिळते. मात्र ती मूळच्या वेगळ्या हेतूने जमविलेली असल्याने पारखून घ्यावी लागते.

स्रोत

दुय्यम माहितीचे अंतर्गत व बाह्य असे दोन प्रकार आहेत. विक्रीची बिले, ग्राहकांच्या तक्रारी, वितरकांचे हिशेब व मालाच्या साठ्याच्या नोंदी हे अंतर्गत स्रोत होत. बाह्य स्रोतांत सरकारी प्रकाशने, व्यापारी संघटनांचे अहवाल, नियतकालिके आणि व्यावसायिक संशोधन संस्थांकडून विकत मिळणारी माहिती यांचा समावेश होतो. भारतात जनगणना, राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची सर्वेक्षणे व रिझर्व्ह बँकेची प्रकाशने हे प्रमुख बाह्य स्रोत आहेत. महाराष्ट्रापुरती माहिती राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ या वार्षिक प्रकाशनात मिळते.

माहितीची पारख

दुय्यम माहिती वापरण्यापूर्वी ती कोणी, कोणत्या हेतूने, केव्हा व कोणत्या पद्धतीने गोळा केली, हे पाहणे आवश्यक असते. त्यातील पुढील बाबी विशेष महत्त्वाच्या आहेत.

व्याख्या : एकच शब्द वेगवेगळ्या स्रोतांत वेगळ्या अर्थाने वापरलेला असू शकतो. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिका, नगरपालिका इत्यादी वैधानिक शहरांखेरीज, किमान ५,००० लोकसंख्या, दर चौ. किमी.ला किमान ४०० लोक आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात, या तिन्ही अटी पूर्ण करणारी गावे शहरी मानली गेली. बँक शाखांचे वर्गीकरण करताना रिझर्व्ह बँक १०,००० पेक्षा कमी लोकसंख्येच्या केंद्रास ग्रामीण समजते. त्यामुळे दोन्हींकडील ‘ग्रामीण’ आकडे थेट शेजारी ठेवून ग्रामीण बाजारपेठेचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते.

सीमा व काळ : २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी १० लाख होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी या जिल्ह्यातून आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा वेगळा झाला. आजच्या ठाणे जिल्ह्यासाठी जुना आकडा तसाच घेतल्यास वितरकांची संख्या, मालाची मागणी व जाहिरातीचा खर्च यांचे सर्व अंदाज फुगतात. अशा वेळी तालुकावार आकडे घेऊन बेरीज नव्याने करावी लागते.

पद्धत : कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार एकूण खर्चातील अन्नाचा वाटा २०११-१२ मध्ये ग्रामीण भागात ५२.९ टक्के व शहरी भागात ४२.६ टक्के होता. २०२२-२३ मध्ये तो अनुक्रमे ४६.४ व ३९.२ टक्के झाला. तथापि २०२२-२३ मध्ये एकाच भेटीऐवजी तीन वेगळ्या भेटींत माहिती घेण्यात आली. त्यामुळे या फरकातील किती भाग राहणीमानातील बदलाचा व किती पद्धतीतील बदलाचा, हे केवळ या आकड्यांवरून ठरविता येत नाही.

गृहीतकाची मांडणी

गृहीतक म्हणजे दोन किंवा अधिक चलांमधील संबंधाविषयीचे, पुराव्याने तपासता येणारे तात्पुरते विधान होय. दुय्यम माहिती बहुधा ‘काय घडत आहे’ हे सांगते. ‘का घडत आहे’ याचे संभाव्य उत्तर गृहीतकातून मांडले जाते.

उदाहरणार्थ, २०२२-२३ च्या वरील सर्वेक्षणात पेये व प्रक्रियायुक्त खाद्यपदार्थांवरील खर्चाचा वाटा ग्रामीण भागात ९.६ टक्के, तर शहरी भागात १०.६ टक्के आढळला. थालीपिठाची तयार भाजणी विकू पाहणाऱ्या एखाद्या उद्योगास यातून बाजारपेठेचा अंदाज येतो, परंतु खरेदीचे कारण समजत नाही. ‘लोकांना तयार भाजणी आवडते’ हे विधान मोघम असल्याने तपासता येत नाही. ‘पती-पत्नी दोघेही नोकरी करणाऱ्या शहरी कुटुंबांत तयार भाजणीची मासिक खरेदी अन्य शहरी कुटुंबांपेक्षा अधिक असते’ या विधानात मात्र गट, चल व अपेक्षित दिशा स्पष्ट आहेत. सांख्यिकीय चाचणीसाठी ‘दोन्ही गटांच्या खरेदीत फरक नाही’ असे शून्य गृहीतक मांडले जाते. पुरावा पुरेसा प्रबळ असल्यास ते नाकारले जाते; तो तसा नसल्यास शून्य गृहीतक सिद्ध झाले असे मात्र म्हणता येत नाही.

ज्या आकड्यांवरून गृहीतक सुचले, त्याच आकड्यांवर ते तपासल्यास योगायोगाने दिसणारा संबंधही खरा भासतो. म्हणून तपासणीसाठी स्वतंत्र माहिती आवश्यक असते.

अपूर्ण गृहीतकाचे परिणाम

अमेरिकेत कोका-कोला कंपनीचा बाजारातील वाटा घटत होता आणि १९७५ मध्ये सुरू झालेल्या ‘पेप्सी चॅलेंज’ मोहिमेतील चवचाचण्यांमुळे चवीचा प्रश्न पुढे आला होता. कंपनीने सुमारे दोन लाख ग्राहकांवर चवचाचण्या घेतल्या. त्यांत नव्या मिश्रणास अधिक पसंती मिळाल्याने २३ एप्रिल १९८५ रोजी मूळ पेय बदलण्याची घोषणा झाली. ग्राहकांच्या तीव्र विरोधानंतर ११ जुलै १९८५ रोजी, म्हणजे ७९ दिवसांनी, मूळ पेय परत आणल्याचे जाहीर करावे लागले. नवी चव अधिक आवडते, हे गृहीतक चाचण्यांत टिकले होते. परंतु जुने पेय काढून घेतल्यास ग्राहक नवे स्वीकारतील का, हा वेगळा प्रश्न होता व चवचाचण्या त्याचे उत्तर देऊ शकत नव्हत्या. चाचणी होणारे गृहीतक आणि घ्यावयाचा निर्णय यांचा मेळ असणे का आवश्यक असते, हे दाखविण्यासाठी विपणनाच्या अभ्यासक्रमांत या घटनेचा वारंवार उल्लेख केला जातो.