फेसाचा जमाखर्च : लहान सागरी मत्स्यालयासाठी स्किमरची निवड

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हापासून समुद्रातले रंगीत मासे काचेआड पाहण्याचा योग मराठी माणसाला सहज येऊ लागला. परंतु तेच मासे आपल्या दिवाणखान्यात, दोन फुटी काचेच्या टाकीत बाळगण्याची हौस त्या मानाने अलीकडची असून, ती पुरी करण्यास निघालेल्या गृहस्थापुढे दुकानदार जी उपकरणे मांडतो, त्यांत ज्याचे प्रयोजन सर्वांत कमी उमगते असे उपकरण म्हणजे प्रोटीन स्किमर होय. दिवा प्रकाश देतो, पंप पाणी फिरवतो, हे कोणालाही कळते. पण काही हजार रुपये मोजून आणलेल्या या उभ्या नळकांड्याने आठवडाभर घरघरत राबून अखेर वाटीभर तपकिरी, दुर्गंधी पाणी हाती द्यावे आणि जाणत्याने ते पाहून समाधानाने मान डोलवावी, हा प्रकार नवख्याला चमत्कारिक वाटल्यास नवल नाही. त्या वाटीभर पाण्याचे मोल एकदा ध्यानात आले, म्हणजे स्किमर कोणता घ्यावा, किंबहुना घ्यावा की नाही, या प्रश्नाचा निम्मा उलगडा झालाच म्हणून समजावे.

माशांना घातलेल्या अन्नापैकी काही न खाता पडून राहते आणि खाल्लेल्यापैकीही बराच भाग मलमूत्र व अंगावरचा बुळबुळीत स्राव यांच्या रूपाने पाण्यात परत येतो. या नत्रयुक्त द्रव्यांचे सूक्ष्मजंतूंच्या हातून विघटन होऊन प्रथम अमोनिया, मग नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट तयार होते. पैकी पहिली दोन माशांच्या जिवावर उठणारी, तर तिसरे त्यांच्या मानाने सौम्य असले तरी टाकीत साचत राहून शेवाळाला खत पुरवणारे. स्पंज किंवा कापूस यांची गाळणी घाण अडकवून धरते, परंतु ती धुऊन काढीपर्यंत घाण पाण्यातच कुजत असते. स्किमरचे वैशिष्ट्य हे, की तो विघटन पुरे होण्याच्या आतच तिची पाण्यातून उचलबांगडी करतो.

हे साधते ते हवेच्या बुडबुड्यांमुळे. प्रथिने, मेद आणि तत्सम सेंद्रिय द्रव्यांतील पुष्कळशा रेणूंचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे, तर दुसरे पाण्यापासून दूर पळणारे असते. असा रेणू बुडबुड्याच्या सान्निध्यात आला की पळणारे टोक हवेत खुपसून तो बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटून बसतो. असे लडबडलेले बुडबुडे नळकांड्यात वर चढून त्यांचा फेस होतो, आणि तो वरच्या अरुंद गळ्यातून चढत माथ्यावरच्या कपात जाऊन साचतो. डाळ शिजताना वर जमणारा फेस गृहिणी जशी पळीने काढून टाकते, तसेच हे काम, फक्त अहोरात्र चालणारे. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर लाटा जो पिवळट, चिवट फेस लोटून आणतात तोही याच न्यायाने बनलेला असतो. गोड्या पाण्यातले बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फुटून जातात. खाऱ्या पाण्यातले क्षार त्यांना असे एकत्र येऊ देत नाहीत, सबब ते बारीक राहतात आणि त्यांचा फेस टिकतो. गोड्या पाण्याच्या घरगुती टाकीला हे उपकरण जवळजवळ निरुपयोगी ठरते, त्याचे कारण हेच.

घरगुती सागरी मत्स्यालयाच्या इतिहासात स्किमरला मानाचे स्थान मिळाले ते जर्मनीत. त्यापूर्वी जकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत एका अमेरिकन मासिकात मांडली होती, आणि तीत प्रवाळभित्तीवरून आणलेले सजीवांनी भरलेले खडक व हवेचे बुडबुडे यांवरच सारी भिस्त होती. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्या खडकांना प्रखर प्रकाशाची आणि जोरदार स्किमरची जोड दिली व ती बर्लिन पद्धत म्हणून जगभर रूढ झाली. आपल्याकडे मात्र यातला खडकच वर्ज्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून भित्ती उभारणाऱ्या प्रवाळांचा समावेश असल्याने आपल्या समुद्रातून असे खडक उचलणे हा गुन्हा ठरतो. मासा मात्र समुद्र न लुटता मिळू शकतो, कारण क्लाउनफिशचे बंदिस्त प्रजनन मंडपम येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्राने साध्य केले आहे. तेव्हा भारतीय घरातली लहान टाकी बहुधा कोरड्या कृत्रिम खडकावर आणि दोन-तीन माशांवर उभी राहते. त्या खडकावर उपयुक्त सूक्ष्मजंतूंची वस्ती जमायला कित्येक आठवडे लागतात, आणि त्या मुदतीत टाकीतली घाण बाहेर काढणाऱ्या उपकरणाचे महत्त्व साहजिकच वाढते.

तरीही पहिला प्रश्न गरजेचाच विचारला पाहिजे. टाकी ६० लिटरांच्या आतली आणि मासे एक किंवा दोन असतील, तर दर आठवड्याला १५ टक्के पाणी बदलल्याने स्किमरचे काम भागते. म्हणजे ९ लिटर पाणी, आणि लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास मीठ, एवढाच काय तो खर्च. शिवाय पाणी बदलल्याने नायट्रेटही बाहेर जाते, जे स्किमरच्या आवाक्यातले नव्हे. ८० ते १५० लिटरांच्या टाकीत मात्र माशांची संख्या वाढते, अन्न वाढते, आणि बादल्या वाहण्याचा उत्साह हळूहळू ओसरतो. तेथे स्किमरची शिफारस रास्त होय. त्याचा आणखी एक फायदा असा, की पाण्यात सतत हवा मिसळत राहिल्याने उन्हाळ्यात, जेव्हा तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा माशांना मोठा आधार मिळतो.

आता आकाराची गोष्ट. खोक्यावर छापलेला लिटरांचा आकडा हा विक्रेत्याचा दाखला असतो, आणि तो बहुतेक वेळा तुरळक मासे असलेली टाकी गृहीत धरून दिलेला असतो. ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद व ४० उंच टाकीचे गणित ९६ लिटर भरते. वाळू, खडक आणि वर सोडलेली रिकामी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी ७५ ते ८० लिटरच उरते. अशा टाकीला खोक्यावर १२० ते १५० लिटर लिहिलेला स्किमर पुरेसा होतो. ‘मोठा घ्या, कामाला येईल’ हा दुकानातला सल्ला येथे महागात पडतो. फेस गळ्यातून वर चढण्यासाठी गळ्याच्या रुंदीच्या प्रमाणात सेंद्रिय द्रव्य मिळावे लागते. ५०० लिटरांच्या टाकीसाठी घडवलेल्या रुंद गळ्याच्या स्किमरला दोन क्लाउनफिशच्या टाकीत तेवढा खुराक मिळत नाही, आणि त्याचा फेस अर्ध्यावर येऊन फुटत राहतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९ च्या सुमारास प्रत्यक्ष मोजमापे घेतली, तेव्हा पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनापैकी सुमारे २० ते ३५ टक्केच स्किमरच्या हाती लागतो, आणि निरनिराळ्या स्किमरांच्या कामगिरीतली तफावत जाहिराती सुचवतात तेवढी मोठी नसते, असे दिसून आले. केवळ नावाजलेल्या छापासाठी दुप्पट रक्कम मोजण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानी असावी.

प्रकारांचे म्हणाल तर लहान टाकीपुरते दोनच विचारात घ्यावे. पहिला, लाकडी एअरस्टोन व हवेचा पंप यांवर चालणारा, टाकीच्या आतच बसणारा. तो स्वस्त व साधा असतो, पण लाकडाची छिद्रे काही आठवड्यांत बुजत जाऊन बुडबुडे जाड होतात आणि एअरस्टोन वारंवार बदलावा लागतो. दुसरा, पंपाच्या चक्राला बारीक दाते बसवून त्यांनी हवेचा चुरा करणारा, ज्याला बाजारात नीडल व्हील म्हणतात. तो किमतीने चढा असला तरी त्याचा फेस एकसारखा येतो. ज्यांच्या टाकीखाली पाण्याची वेगळी टाकी, म्हणजे सम्प, नाही त्यांनी मागच्या काचेवर टांगता येणारा नमुना पाहावा. मात्र खरेदीपूर्वी तीन बाबींची खातरजमा अवश्य करावी. वीज गेली असता त्यातले पाणी बाहेर न सांडता टाकीतच परतते काय, आणि वीज आल्यावर पंप आपोआप पाणी ओढू लागतो काय, हे दुकानातच चालवून पाहावे. दुसरी बाब पंपाला लागणाऱ्या विजेची. परदेशस्थ नातलगाने अमेरिकेहून आणून दिलेला स्किमर असेल, तर त्याचा पंप ११० ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा असतो. ट्रान्सफॉर्मरने दाब जुळवला तरी आपल्या ५० हर्ट्झवर साध्या मोटरीची गती एक षष्ठांशाने घटते आणि हवाही कमी ओढली जाते. तिसरी बाब अशी, की कप एका हाताने, पाणी न सांडता, निघतो काय.

ही तिसरी बाब क्षुल्लक वाटेल, पण सारा मामला तिच्यावरच अवलंबून आहे. नवा स्किमर पहिले काही दिवस, कधी दोन आठवडेही, मनाजोगता चालत नाही. नुसते पांढरे, ओले बुडबुडे वर येतात आणि फुटतात. मग हळूहळू गळ्याच्या आतल्या बाजूला तेलकट कडे धरते, फेस दाट होऊ लागतो, त्याचा रंग मळकट होतो, आणि तो इंचाइंचाने चढत कपाच्या काठावरून पलीकडे ओघळतो. एखाद्या दिवशी गोठवलेली कोळंबी माशांना घातली किंवा हात टाकीत बुडवला, की थोड्याच वेळात फेस खाली बसतो, कारण स्निग्ध द्रव्य त्याला मोडते. तेव्हा घाबरून स्क्रू पिळू नयेत, काही तासांत तो पूर्ववत येतो. उलट नळाच्या पाण्यातले क्लोरीन मारण्यासाठी कंडिशनर टाकला, तर काही प्रकारांनी फेस उसळून कप भरून वाहतो. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पातळी दोन बोटे उतरली तरी टांगत्या स्किमरचा फेस बिघडतो, म्हणून उडालेल्या पाण्याची भर रोजच्या रोज घालावी. आणि मीठ मागे टाकीतच राहत असल्याने ही भर गोड्या, शुद्ध पाण्याची असावी. गळ्यात साचलेला चिकट थर फेसाला अडवतो, तो आठवड्यातून एकदा तरी पुसलाच पाहिजे. हवेच्या नळीच्या तोंडाशी जमलेले मीठ कोमट पाण्याने आणि पंपावरचे चुन्याचे किटण व्हिनेगरने सुटते.

सारांश, ६० लिटरांच्या आत असाल तर स्किमरचे पैसे चांगले मीठ आणि शुद्ध पाणी यांवर खर्च करा. शंभर लिटरांच्या आसपास असाल तर खऱ्या पाण्याच्या दीडपट ते जवळजवळ दुप्पट आकड्याचा, दातेरी चक्राचा, २३० व्होल्ट व ५० हर्ट्झवर चालणारा आणि कप सहज निघणारा स्किमर घ्या. यापेक्षा मोठा घेऊन माशांना अधिक स्वच्छ पाणी मिळत नाही. ते मिळते बेताने अन्न घातल्याने आणि दर आठवड्याला कप धुतल्याने.