गोळी रुग्णालयाची, ताट घरचे
(प्रौढ मधुमेही व त्यांचा आहार)

वार्षिक अहवालात जमाखर्च, शस्त्रक्रियांची संख्या व देणगीदारांची नामावली यांना स्थान असते. आहारासारख्या घरगुती विषयासाठी त्यात पाने का खर्ची घालावीत, असा प्रश्न कोणासही पडेल. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यक हा त्याचा विषय नव्हे. तथापि रुग्णांची देयके नित्य नजरेखालून जात असल्याने एक गोष्ट त्याच्या मनावर ठसली आहे. मधुमेहात सर्वांत महाग पडतो तो विलंब. पायाची दुर्लक्षित जखम चिघळून पाऊल गमवावे लागते, मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसचा फेरा सुरू होतो, दृष्टी अधू होते. मग वर्षानुवर्षे टाळलेला खर्च एकदम, व्याजासह वसूल होतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १० कोटींहून अधिक व्यक्तींना मधुमेह असून सुमारे १३ कोटी ६० लाख व्यक्ती त्याच्या उंबरठ्यावर आहेत. दिलासा देणारी बाबही आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उंबरठ्यावरील व्यक्तींनी आहार-व्यायामात बदल केल्यास मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटतो, असे आढळले.

छापील तक्त्याची कथा

पूर्वी आम्हीही रुग्णाच्या हाती एक छापील तक्ता देत असू. त्यात ओट्स, ब्राउन ब्रेड, सफरचंद व ऑलिव्ह तेल असे. यंत्रमागावर राबणारा कामगार किंवा विड्या वळणारी भगिनी तो कागद आदराने घडी घालून फाइलीत ठेवी, आणि तो तेथेच राही. एका रुग्णाच्या पत्नीने एकदा स्पष्टच विचारले, "साहेब, यातलं आमच्या घरात काय शिजतं, तेवढं सांगा." त्या प्रश्नाने आमचे डोळे उघडले.

भाकरी : गुण व मर्यादा

सोलापूर जिल्हा हा ज्वारीचा प्रदेश. मंगळवेढ्याच्या ज्वारीस तर भौगोलिक मानांकनही लाभले आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, तर सडलेल्या तांदळात ते ३ ग्रॅमांहूनही कमी. तंतूंमुळे अन्नातील साखर रक्तात सावकाश उतरते. मात्र "भाकरी कितीही खाल्ली तरी साखर वाढत नाही" हा समज चुकीचा आहे. ज्वारीतही जवळजवळ दोन-तृतीयांश भाग पिष्टमय पदार्थांचाच असतो. म्हणून ताटाचा निम्मा भाग मेथी, चाकवत, दोडका, काकडी अशा भाज्या व कोशिंबिरींनी भरावा. पाव भागात मटकीची उसळ किंवा घट्ट वरण आणि उरलेल्या पाव भागातच भाकरी असावी. शेंगाचटणी चवीपुरती घ्यावी, कारण तिच्यात तेल व मीठ दोन्ही येतात.

शिधापत्रिकेवर मुख्यतः गहू व तांदूळच मिळतात, ज्वारी विकत घ्यावी लागते, हेही आम्ही विसरत नाही. ज्यांना ती परवडत नाही, त्यांनी न चाळलेल्या कणकेची चपाती मोजून खावी व भात कमी करावा.

चहाचा हिशेब

दिवसाला पाच कप चहा, कपास दोन चमचे साखर. चमचा ५ ग्रॅमांचा धरल्यास रोजचे ५० ग्रॅम, म्हणजे महिन्यास दीड किलो साखर केवळ चहातून पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढासाठी सांगितलेली वरची मर्यादाच साधारण एवढी आहे. साखरेऐवजी गूळ घातल्याने या हिशेबात फरक पडत नाही. एकदम फिका चहा नकोसा वाटल्यास दर आठवड्यास अर्धा चमचा कमी करावा. महिनाभरात जिभेला सवय होते.

उपवासातील धोका

आषाढी-कार्तिकीस पंढरपूरच्या वाटेवर असणाऱ्या आपल्या भागात उपवास श्रद्धेने पाळला जातो. साबुदाणा हे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. तो साखर झपाट्याने वाढवितो. याउलट काहीही न खाता इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेतल्यास साखर धोकादायकरीत्या उतरते. घाम, थरथर, भोवळ जाणवताच शुद्धीत असलेल्या रुग्णास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडाने काहीही न देता त्वरित रुग्णालयात आणावे. एकादशी असो वा रमजानचा रोजा, औषधाची मात्रा व वेळ डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी.

एका घरात एकच ताट

रुग्णासाठी वेगळा स्वयंपाक फार दिवस टिकत नाही. घरातील सर्वांनी तेच जेवावे. मुलांच्या दृष्टीनेही ते हिताचेच आहे. म्हणून आहारतज्ज्ञांकडे येताना, घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीस सोबत आणावे, अशी कुटुंबीयांना विनंती आहे.

शासकीय आरोग्य योजना प्रामुख्याने दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहेत. अर्धा तास बसून, रुग्णाच्या मराठी, कन्नड, तेलुगू वा उर्दू भाषेत त्याच्या ताटाविषयी बोलण्याचे देयक कोणाच्याही नावे निघत नाही. तो भार दात्यांच्या औदार्यावरच उभा राहतो. यंत्राप्रमाणे या कार्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही. परंतु वाचलेले एखादे पाऊल स्वतःच्या बळावर चालत घरी जाते, तेव्हा त्या देणगीचे चीज झालेले असते.

— प्रशासक