मुद्रणप्रतिमा-परीक्षण, मुद्रकरहित

संगणकातील मजकूर व चित्रे कागदावर प्रत्यक्ष न छापता, छपाईसाठी तयार होणाऱ्या बिंदुप्रतिमेवरूनच तिच्या दर्जाची संगणकाकरवी आपोआप केलेली तपासणी. मुद्रक चालविणाऱ्या आज्ञावलीत लहानसा बदल केला, तरी पूर्वी नीट छापली जाणारी पृष्ठे बिघडू शकतात. म्हणून प्रत्येक बदलानंतर मोठ्या संख्येने नमुना पृष्ठे तपासावी लागतात. ती सर्व छापून डोळ्यांनी पाहणे खर्चाचे आहेच; शिवाय एकच पृष्ठ त्याच मुद्रकावर दोनदा छापले, तरी शाई, कागद व हवेतील आर्द्रता यांमुळे दोन प्रती तंतोतंत सारख्या येत नाहीत. त्यामुळे आज्ञावलीचा दोष कोणता व यंत्राचा कोणता, हे सांगणे अवघड होते. मुद्रक वगळल्याने ही संदिग्धता नाहीशी होते.

पृष्ठाचे वर्णन मुद्रकाकडे बहुधा एखाद्या पृष्ठवर्णन-भाषेत पाठविले जाते. ॲडोबी कंपनीची १९८४ मधील पोस्टस्क्रिप्ट ही अशी भाषा होय. १९९३ मध्ये आलेल्या पीडीएफ या प्रकाराला २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. वर्णनावरून कोणता बिंदू काळा व कोणता कोरा हे ठरविणारी आज्ञावली मुद्रकात असो वा संगणकात, तिचे फलित म्हणजे बिंदूंचे एक कोष्टकच असते व ते कागदाऐवजी फाइलीत साठविता येते. एल. पीटर डॉइच यांनी १९८८ मध्ये प्रसृत केलेली गोस्टस्क्रिप्ट ही आज्ञावली असे करू शकते. तिच्या परीक्षणात नमुना पृष्ठांच्या प्रतिमांवरून गणिताने अंकखुणा काढून त्या आधीच्या आवृत्तीच्या खुणांशी ताडतात. खुणा जुळल्यास प्रतिमा बदललेली नाही असे मानतात. न जुळल्यास दोन्ही प्रतिमा व त्यांतील फरक माणसाच्या निर्णयासाठी पुढे ठेवतात.

फरक आहे एवढे कळणे सोपे. तो दोष आहे काय, हा खरा प्रश्न होय. इंचाला ६०० बिंदू या प्रमाणात ए-४ आकाराच्या पृष्ठावर सु. ३.४८ कोटी बिंदू येतात. सबंध मजकूर एक बिंदू उजवीकडे सरकला, तर प्रत्येक अक्षराच्या कडेचे बिंदू बदलतात आणि गणिती फरक प्रचंड भरतो. वाचकाला मात्र काही जाणवत नाही. उलट ८ पॉइंटच्या देवनागरी मजकुरातील एक अनुस्वार गळाला, तर टंकानुसार चाळीस-पन्नास बिंदूच कमी होतात. सरासरी त्रुटीच्या आकड्यात हा फरक दिसतही नाही, पण ‘मंद’चा ‘मद’ झालेला असतो. म्हणून केवळ सरासरीवर विसंबणारी चाचणी मजकुराच्या बाबतीत कुचकामाची ठरते. पृष्ठाचे लहान चौकोनी भाग पाडून प्रत्येकातील सर्वांत मोठा फरक पाहणे, हा त्यावर एक साधा व परिणामकारक उपाय होय. देवनागरीत शिरोरेषाही स्वतंत्रपणे तपासावी लागते. शेजारच्या अक्षरांची स्थाने वेगवेगळी पूर्णांकात बसविली गेल्यास रेषेत एका बिंदूची फट राहते.

छायाचित्रांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. त्यांतील करड्या छटा लहान टिंबांच्या दाटीने साधतात. फ्लॉइड व स्टाइनबर्ग यांच्या १९७६ मधील रीतीत प्रत्येक बिंदूची त्रुटी शेजारच्या बिंदूंवर वाटली जाते. त्यामुळे वरच्या कोपऱ्यातील छटा किंचित बदलली, तरी खालच्या टिंबांची मांडणी पालटू शकते. बिंदूशी बिंदू ताडणे येथे निरर्थक ठरते. निरोगी डोळ्याला सु. एक कोनीय मिनिट अंतरावरील तपशील वेगळा दिसतो. ३० सेंमी. अंतरावरून हे अंतर सु. ०.०८७ मिमी. भरते, तर ६०० च्या प्रमाणात बिंदूची रुंदी ०.०४२ मिमी. असते. त्यामुळे दोन्ही प्रतिमा डोळ्याला दिसतील इतक्या धूसर करून मगच त्यांची तुलना करतात. रंगांतील अंतर मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९७६ मध्ये शिफारस केलेले रंगावकाश आणि २००० च्या सुमाराचे त्याचे सुधारित सूत्र वापरतात. रचनेतील साम्य मोजण्याचा वांग, बोव्हिक व त्यांचे सहकारी यांचा २००४ मधील निर्देशांकही प्रचलित आहे.

मात्र दिसण्यातील साम्य म्हणजे अचूकपणा नव्हे. ऑगस्ट २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ञांनी झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांतील असा दोष उघडकीस आणला. जागा वाचविण्यासाठी सारखे दिसणारे आकार एकाच नमुन्याने दाखविण्याची पद्धत या यंत्रांत होती. त्यामुळे एका बांधकाम-आराखड्यात १४.१३, २१.११ व १७.४२ ही तीन खोल्यांची क्षेत्रफळे प्रतीत सर्वत्र १४.१३ अशी उमटली. अंक स्वच्छ व सुबक असल्याने शंका येण्यास जागा नव्हती. कंपनीने पुढे सुधारित आज्ञावली दिली. अशा दोषासाठी प्रतिमेतील अक्षरे यंत्राकडून पुन्हा वाचवून मूळ मजकुराशी ताडणे हाच भरवशाचा मार्ग होय. प्रमाण म्हणून ठेवलेली पहिली प्रतिमा जाणत्या माणसाने वाचलेली असणेही तितकेच महत्त्वाचे. तिच्यातच ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला पडली असेल, तर पुढील प्रत्येक चाचणी ती चूक बरोबर म्हणून जपते.

कागदाचा परिणाम काही अंशी गणिताने अजमावता येतो. शाई पसरल्याने व कागदात प्रकाश विखुरल्याने टिंबे मोठी भासतात; ५०% टिंबांची छटा सु. ६५ ते ७०% इतकी गडद दिसू शकते. मरी व डेव्हिस यांचे १९३६ चे सूत्र आणि यूल व नील्सन यांनी १९५१ मध्ये त्यात केलेली सुधारणा यांच्या आधारे बिंदुप्रतिमेवरून छापील छटेचा अंदाज बांधतात. त्यासाठी लागणारे स्थिरांक मात्र त्या त्या कागदावर एकदा तरी छापूनच मिळतात. शाईचे तुंबलेले छिद्र, तिरका ओढला गेलेला कागद किंवा रंगांच्या ठशांची चुकलेली जुळणी यांचा मागमूस बिंदुप्रतिमेत नसतो. रेषेच्या कडांचा खडबडीतपणा, काळ्या भागातील डागाळपणा इ. गुणधर्मांच्या मापनासाठी २००१ मध्ये निघालेले १३६६० क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक आणि त्याची जागा घेणारे २४७९० हे मानक, दोन्ही छापील कागदासाठीच आहेत.