अधिमांस आणि आडवी अक्कलदाढ

हनूच्या शेवटच्या दाढेपाशी मोठा शोथ, तीव्र वेदना व लालास्राव, ही सुश्रुताचार्यांनी वर्णिलेली कफज अधिमांसाची लक्षणे होत. अलिबाग परिसरातील विशीचा रुग्ण दाढेत लवंग धरून येतो, तेव्हा बहुधा हेच चित्र दिसते. खालची अक्कलदाढ अर्धवट वर आलेली, तिच्यावर हिरडीचे झाकण, त्याखाली अन्नकण व पूय.

चिकित्सास्थानाच्या बाविसाव्या अध्यायात अधिमांसाचे छेदन, वचा, तेजोवती, पाठा, सर्जिकाक्षार व यवक्षार यांचे मधासह प्रतिसारण, पिप्पली-मधाचा कवल आणि पटोल, त्रिफळा, निंब यांच्या काढ्याने धावन सांगितले आहे. परंतु जागेअभावी दाढ हाडात आडवी रुतलेली असेल, तर झाकण कापूनही मूळ कारण तसेच राहते. अस्थीत दडलेला दात पाहण्याचे साधन आचार्यांजवळ नव्हते. आपल्याजवळ क्ष-किरण आहेत. शोथ दुसऱ्यांदा उद्भवल्यास जबड्याचे चित्र न काढता रुग्णास केवळ काढ्यांवर ठेवणे मला अनुचित वाटते. उलटपक्षी, निरुपद्रवी दाढ केवळ अडकली आहे म्हणून काढू नये, असे इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेने २००० साली सुचविले.

शस्त्रकर्मात जागा बधिर करून हिरडी उचलतात, पाण्याच्या धारेखाली हाड कोरतात आणि बहुधा दाढेचे तुकडे करून ती काढतात. मुळांलगत खालच्या ओठाचा व आतल्या बाजूस जिभेचा चेतातंतू असतो. त्यास इजा झाल्यास बधिरता येते, क्वचित ती कायमची राहते. नोव्हेंबर २०२०च्या अधिसूचनेत शालाक्याच्या पदव्युत्तर शिक्षणक्रमात दंतोद्धरण आले खरे. पण हलणारा दात उपटणे आणि हाडातील दाढ कोरून काढणे यांत महदंतर आहे. आम्हा पदवीधरांनी तर त्याचा सोयीस्कर अर्थ लावूच नये. हे काम मुखशल्यतज्ज्ञाचे.

शस्त्रकर्मानंतर रुग्ण आपल्याकडेच येतो. पहिले चोवीस तास कवल वा गंडूष देऊ नये. खळगीतील रक्ताची गुठळी निघून जाते. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो. मिश्री व धूम्रपान कटाक्षाने बंद ठेवावे.

तोंड उघडत नसेल, तर गुटख्याची सवय अवश्य विचारावी. दोष दाढेचा नसून गालाच्या आतील त्वचा ताठरल्याचा असू शकतो. मात्र हनूखाली सूज, ज्वर व गिळताना त्रास असल्यास श्वासमार्गास धोका संभवतो. अशा रुग्णास त्याच दिवशी जिल्हा सामान्य रुग्णालयात पाठवावे. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात व मुंबई रस्त्याने काही तासांवर जाते, हे ध्यानी ठेवून.