डिस्क नसलेला संगणक सुरू कसा होतो?

शाळेला जुना संगणक देऊ करताना माजी विद्यार्थी अनेकदा संकोचाने सांगतात, "सर, याची हार्ड डिस्क गेली आहे." असा संगणक निरुपयोगी ठरत नाही, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही स्पष्ट करू इच्छितो.

संगणकाला सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम कोठून तरी वाचावी लागते. ती स्वतःच्याच डिस्कवर असली पाहिजे, असा नियम नाही. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये एनएफएस ही पद्धत आणली. तिच्यामुळे दुसऱ्या संगणकावरील फाइली आपल्याच असल्याप्रमाणे वापरता येऊ लागल्या. त्या काळी डिस्क फार महाग असल्याने या कंपनीने डिस्कविरहित संगणकही विकले. पुढे २००१ मध्ये नॉर्वेत सुरू झालेल्या स्कोलेलिनक्स या मुक्त प्रकल्पाने शाळांसाठी हीच सोय उपलब्ध केली.

तिचे कार्य असे चालते. बटण दाबताच संगणकाचे नेटवर्क कार्ड आपला क्रमांक जाहीर करून विचारणा करते. सर्व्हरवरील डीएचसीपी सेवा त्याला पत्ता देते आणि कोणती फाइल कोठून घ्यावी, हे सांगते. मग टीएफटीपी या साध्या पद्धतीने कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, केबलवरून येतो. येथे एक पेच असतो. उर्वरित सारी व्यवस्था सर्व्हरवर आहे. तेथे पोहोचण्यासाठी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर हवा. आणि तो ड्रायव्हरही सर्व्हरवरच राहिला, तर संगणक मध्येच अडतो. म्हणून कर्नलसोबत एक छोटी शिदोरी पाठवतात आणि तिच्यात ड्रायव्हर बांधून देतात. त्यानंतर सर्व्हरवरील 'रूट', म्हणजे सर्व प्रोग्राम ठेवलेला मूळ कप्पा, एनएफएसद्वारे जोडला जातो. प्रोग्राम मात्र त्या संगणकाच्याच प्रोसेसरवर व रॅमवर चालतात. म्हणून रॅम पुरेशी हवी.

हा मूळ कप्पा सर्वांसाठी एकच असल्याने तो केवळ वाचण्यापुरता खुला ठेवतात. यंत्रणेत झालेले तात्पुरते बदल रॅममध्ये राहतात व संगणक बंद होताच पुसले जातात. त्यामुळे मुलांनी निर्भयपणे हाताळावे. दुसऱ्या दिवशी संगणक पुन्हा जसाच्या तसा मिळतो. त्यांचे स्वतःचे काम सर्व्हरवरील त्यांच्या नावाच्या कप्प्यात सुरक्षित राहते. नवा प्रोग्राम एकदाच सर्व्हरवर बसवला की तो सर्वांना मिळतो. पहिल्या बाकावरील आणि शेवटच्या बाकावरील मुलाच्या संगणकात फरक उरत नाही.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरातील चूल विझली की सारी पंगत उपाशी राहते. तसेच सर्व्हर बंद पडला की सारे पडदे एकाच वेळी थिजतात. त्याच नेटवर्कवर दुसरा राउटर पत्ते वाटू लागला, तर संगणकांना सर्व्हर सापडेनासा होतो. हा अनुभव आम्ही घेतला आहे. आमची एक संपूर्ण सकाळ त्यात गेली. शिवाय या व्यवस्थेत सर्व्हर नेटवर्कवरील संगणकांवर बराच विश्वास टाकतो. म्हणून संगणक कक्षाचे नेटवर्क स्वतंत्रच असावे.

यास्तव आमची विनंती अशी : डिस्क गेलेला संगणक अवश्य द्यावा, नेटवर्कवरून सुरू होण्याची सोय व रॅम तेवढी तपासून घ्यावी. देणगी पैशांत द्यायची असेल, तर ती एक चांगला सर्व्हर, त्याचा यूपीएस, वेगवान स्विच आणि बॅकअपची डिस्क यांसाठी द्यावी. मुलांचे वर्षभराचे काम त्याच एका ठिकाणी साठलेले असते.