चिपी ते मोपा : नकाशावर ४५ किलोमीटर, रस्त्याने दोन तास

सिंधुदुर्ग : मुंबई, पुणे किंवा आखातातून घरी येणाऱ्या माणसाला तिकीट काढताना हल्ली एक प्रश्न हमखास पडतो. चिपीला उतरावं की मोपाला? दोन्ही विमानतळ 'जवळच' आहेत असं सगळे सांगतात. पण जवळ म्हणजे किती?

चिपी विमानतळ वेंगुर्ले तालुक्यात परुळ्याजवळच्या सड्यावर आहे. तो ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. मोपा गोव्याच्या पेडणे तालुक्यात, आपल्या हद्दीला लागूनच आहे. तिथून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली.

अक्षांश-रेखांश धरून हिशोब केला तर मोपा चिपीच्या दक्षिणेला साधारण २९ आणि पूर्वेला ३५ किलोमीटर आहे. म्हणजे सरळ रेषेत अंतर भरतं सुमारे ४५ किलोमीटर. मोबाईलवर शोधलं की हेच अंतर दिसतं आणि खाली 'विमानाने पस्तीसेक मिनिटं' असंही लिहिलेलं असतं. ही वेळ कुठल्या वेळापत्रकातली नसते. अंतराला विमानाच्या वेगाने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा, एवढंच ते गणित. तसं विमान चालतं असा त्याचा अर्थ नाही.

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे अंतर तीन किलोमीटरही नाही, तरी तिथे दोनेक मिनिटांचं विमान ये-जा करतं. कारण मध्ये समुद्र आहे. आपल्याकडे मध्ये तेरेखोल नदी आहे, पण तिच्यावर पूल आहेत. त्यामुळे इथे गाडीच बरी.

रस्ता मात्र सरळ रेषेत जात नाही. चिपीहून पाट, पिंगुळीमार्गे कुडाळ गाठायचं, मग झाराप, बांदा, पत्रादेवी करत महामार्गाने धारगळला जायचं आणि तिथून जोडरस्त्याने मोपा. हे सगळं सत्तर किलोमीटरच्या पुढे जातं. दुसरी वाट वेंगुर्ले, शिरोडा आणि आरोंदा-किरणपाणी पुलावरून आहे, पण ती अरुंद आणि वळणांची. कुठूनही गेलं तरी दोन तास धरावेतच.

आता उलटा हिशोब करू. मोपाहून सकाळी दहाचं विमान असेल तर काउंटर साधारण नऊला बंद होतो. सामान असेल तर आठला पोचलेलं बरं. म्हणजे चिपी-परुळे भागातून सहाला गाडी सुटली पाहिजे. पावसाळ्यात आणि चतुर्थीच्या गर्दीत आणखी अर्धा-पाऊण तास आधी.

तिकिटावरचं नावही नीट बघावं. चिपीचा कोड एस-डी-डब्ल्यू, मोपाचा जी-ओ-एक्स आणि दाबोळीचा जी-ओ-आय. 'गोवा' एवढंच वाचून गाडी मोपाला नेली आणि विमान दाबोळीचं निघालं, तर मांडवी आणि झुआरी ओलांडून पुढे जावं लागतं. तोवर विमान गेलेलं असतं.

त्यामुळे तिकीट स्वस्त दिसलं तरी त्यात गाडीभाडं आणि दोन तास मिळवावेत, मगच ठरवावं. बांदा-सावंतवाडीकडच्या माणसाला मोपा सोयीचं. मालवण-परुळ्याच्या माणसाला मात्र चिपीचं विमान मिळत असेल तर तेच घराजवळचं.