काडीला काडी

एप्रिलमध्ये दिंडोरी-निफाडकडे गेलात तर द्राक्षबागांच्या बांधावर धूर दिसतो. खरड छाटणी उरकलेली असते आणि कापलेल्या काड्यांचे ढीग पेटलेले असतात. दिंडोरी तालुक्यातल्या एका बागेत छाटणी चालू होती, पण धूर नव्हता. म्हणून आत शिरलो. बाग सेंद्रिय निघाली. मालकांना सगळे नाना म्हणतात. ‘आम्ही हवेतला कार्बन जमिनीत घालतो,’ ते म्हणाले. हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं, त्यामुळे जरा सावधच झालो.

ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, एखादा डोळा राखून बाकी काडी उडवायची, ही खरड छाटणी. कात्री पुरुषांच्या हातात होती. कापलेली काडी ओढायचं काम सुरगाण्याहून आलेल्या बायकांकडे. त्यांतल्या एक मावशी माझ्या नजरेतून हलेनात. वाळलेले तणावे तारेला गच्च धरून बसतात. मावशी डाव्या हाताने काडी ताणायच्या, विळ्याच्या टोकाने तणावा तोडायच्या आणि काडी दोन ओळींच्या मधे आडवी टाकायच्या. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे. मग ट्रॅक्टरमागचा श्रेडर काडीचा भुगा करतो आणि तो बोधावर, म्हणजे वेलींखालच्या मातीच्या वरंब्यावर, पसरतात.

‘मावशी, जाळणं सोपं की हे?’

‘जाळणंच सोपं. काडीला काडी लावली का झालं,’ त्या हसल्या. ‘पन मंग डोळ्यांत धूर कोनाच्या जातो?’

नानांनी बोधावरचा जुना भुगा हाताने सारला. खाली काळी, ओलसर, रवाळ माती आणि तिच्यात दोऱ्यासारखी पांढरी मुळी. शेजारच्या उघड्या पट्ट्यात तीच जमीन भेगाळलेली होती. मातीला पहिल्या पावसाचा वास, त्यात शेण-गोमूत्राच्या जीवामृताची आंबूस झाक. तो वास घरी पोचल्यावरही बोटांना होता.

‘बाग पंधरा वर्षं चालते,’ नाना सांगत होते, ‘पंधरा वर्षं खोडात कार्बन बांधलेला.’ खरं आहे, पण पंधरा वर्षांनी बाग तोडतात, खोडं चुलीत जातात आणि बांधलेलं सगळं पुन्हा हवेत. तेव्हा खोडाचा हिशेब मी सोडून देतो. टिकलं तर मातीतच टिकेल. तिथेही भुग्यातला बहुतेक कार्बन सूक्ष्मजीव खाऊन हवेत सोडतात. थोडाच मातीला चिकटून राहतो.

हा थोडा म्हणजे किती? एकरभर काळ्या जमिनीचा वरचा पंधरा सेंटिमीटर थर साधारण ८०० टन भरतो. सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढला तर ८०० किलो कार्बन, म्हणजे जवळजवळ ३ टन कार्बन डायऑक्साइड. लिटरभर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो निघतो. म्हणजे काही वर्षं राबून मिळवलेली ही वाढ हजार-अकराशे लिटर डिझेलच्या तोलाची. फवारणीचा ट्रॅक्टर बागेत सतत फिरतो, हे विसरून चालणार नाही.

सेंद्रिय बागेतही फवारणी सुटत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस रेंगाळला की डाऊनी हा बुरशीजन्य रोग येतो आणि हाताशी मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण उरतं. त्यातलं तांबं मातीत साचतं, गांडुळांना बाधतं. युरोपात म्हणूनच त्यावर हेक्टरी ७ वर्षांत २८ किलोची मर्यादा आहे. काडी जाळणाऱ्यांनाही उगाच नावं ठेवू नयेत. मिलीबग आणि रोगाचे अवशेष त्या आगीत खरोखर जळतात. शिवाय भुगा कुजताना नत्र ओढून घेतो, त्याची भरपाई शेणस्लरी, पेंड घालून करावी लागते. हे सगळं मजुरीचं काम आहे.

तरीही मी नानांच्या बाजूचा. कार्बनपेक्षा त्या ओलाव्यासाठी. मे महिन्यात टँकरने बाग जगवलेल्या माणसाला झाकलेल्या मातीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. पण सेंद्रिय प्रमाणपत्र काडीचं काय केलं यासाठी मिळत नाही, कृत्रिम रसायनं वापरली नाहीत म्हणून मिळतं. त्यासाठी फळबागेला तीन वर्षं थांबावं लागतं. जाळणं टाळणारा रासायनिक बागायतदारही माती सुधारू शकतो, आणि त्याला कुणी शाबासकी देत नाही.

पुढच्या हंगामात थेट शेतकऱ्याकडून द्राक्षं घ्याल तेव्हा ‘सेंद्रिय आहेत का?’ एवढ्यावर थांबू नका. छाटणीच्या काडीचं काय करता, हेही विचारा. आणि ती काडी ओढणाऱ्या बाईला हजेरी किती देता, तेही.